कडेच्या पेशी

शिकाऊ गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. शिकणाऱ्याला हे ठाऊक असतं, तरी पहिल्या वळणावर तो विसरतो.

*

रक्ताचा थेंब काचेवर ठेवायचा. दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवायची, थेंब तिच्या कडेने पसरला की एका दमात पुढे ढकलायचं. मनगट मधेच बिचकलं की स्लाइड फुकट.

*

पायावर बारीक लाल टिपके. "मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे," भाऊ म्हणाला. मोजा घोट्यापर्यंत होता. टिपके गुडघ्यापर्यंत.

*

पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहून प्लास्टिकमध्ये बसवलेलं: कडेला मोजायचं नाही.

*

हे वाचताना तुमच्या तोंडात कोट्यवधी जंतू आहेत. ते काही करत नाहीत. त्यांना करू दिलं जात नाही, एवढंच.

*

"आज किती आल्या?" आई फोनवर विचारते, जणू तिच्या शिवणवर्गाच्या मुलीच.

"एकही नाही."

"तुझ्याच ना त्या. वेळेवर कशा येतील?"

*

मी रक्त बघते. पगार त्याचाच मिळतो.

हॉस्पिटलच्या तळघरात आमची लॅब. तीन मायक्रोस्कोप, एक फ्रीजएवढं मशीन, एक खिडकी जिच्यातून लोकांचे फक्त बूट दिसतात. मशीन एका मिनिटात हजारो पेशी मोजतं आणि जिथे त्याला काही कळेनासं होतं तिथे कागदावर चांदणी छापतं. चांदणी आली की आमच्यापैकी कुणीतरी स्लाइड रंगवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि डोळ्यांनी शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. कुठल्या जातीच्या किती, तेही. त्यासाठी एक जुनं मोजणीयंत्र आहे. त्याला पाच कळा, पेशींच्या पाच प्रकारांसाठी. डोळे नळीला लावलेले असतात, त्यामुळे बोटं आंधळेपणाने कळा दाबतात. वापरून वापरून प्रत्येक कळीचा आवाज वेगळा झालाय. तिसरी कळ न्यूट्रोफिलची, सगळ्यात झिजलेली, ती दाबली की दाराची कडी पडल्यासारखा ठसठशीत आवाज येतो. ही पेशी सगळ्यात जास्त असते, म्हणून ती कळ सगळ्यात जास्त झिजते.

लॅबमध्ये आम्ही तिघं. मी. टकटक, म्हणजे माझा सहकारी. बोलताना, जेवताना, विचार करताना तो टेबलावर बोटं वाजवतो. वय बत्तीस, एका मुलीचा बाप, हात माझ्यापेक्षा स्थिर. आणि मॅडम. मॅडम लॅबप्रमुख. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, त्या रजेवर असल्या तरी.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. गाडी चालवायला शिकवतो. पंधरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याला एक सवय लागलीय, कुणीही काही सांगायला लागलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. मी त्याला निदान सांगितलं तेव्हाही पाय हलला होता.

निदान मीच केलं. टिपके बघून त्याला लॅबमध्ये घेऊन आले, स्वतः रक्त काढलं, स्वतः स्लाइड केली. म्हटलं, चहा उकळेपर्यंत बघून टाकू.

चहा उकळून आटला.

निरोगी रक्तात पांढऱ्या पेशी एकसारख्या नसतात. कुणाचं केंद्रक तीन तुकड्यांचं, कुणाचं वाटाण्यासारखं गोल, कुणाचं दुमडलेलं. बाजारातल्या गर्दीसारखं असतं ते. भावाच्या स्लाइडवर मात्र एकच चेहरा होता, पुन्हा पुन्हा. मोठं फिकट केंद्रक, भोवती नखाच्या कडेइतका उरलेला भाग. या अर्धवट पेशी. हाडाच्या आत पेशी जन्मते, वाढते, काम शिकते आणि मग रक्तात येते. त्यातली एखादी मोठी व्हायचं नाकारते. काम करत नाही, मरतही नाही, फक्त स्वतःसारख्या दुसऱ्या काढत राहते. हाडातली जागा त्यांनीच भरून जाते. मग रक्त गोठवणाऱ्या पेशींना जागा नाही, म्हणून टिपके. लाल पेशींना जागा नाही, म्हणून दोन जिने चढून त्याला बसावं लागत होतं. आजार असा गर्दीचा होता.

मॅडमने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "आजपासून त्याची एकही स्लाइड तू बघायची नाहीस."

"मॅडम, मला वाचता येतं."

"म्हणूनच. आपल्या माणसाच्या रक्तात आपल्याला हवं तेच दिसतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी मी तीन दिवस छान छान रिपोर्ट लिहीत होते."

  त्याच्या स्लाइड टकटककडे गेल्या.

*

औषधांनी अर्धवट पेशी मारल्या. त्या परत आल्या. पुन्हा मारल्या. मग डॉक्टर म्हणाल्या की घरच मोकळं करावं लागेल. त्याच्या हाडांतलं सगळं, बरं-वाईट दोन्ही, औषधाने पुसून टाकायचं आणि दुसऱ्या कुणाच्या मूळ पेशी सोडायच्या. दुसरं कुणीतरी म्हणजे मी. आमच्या दोघांचं जुळलं. आईला फार आश्चर्य वाटलं. "लहानपणी एका खोलीत जुळत नव्हतं," ती म्हणाली.

माझ्या पेशींची पिशवी त्याच्या पलंगाशी लटकली, त्या दिवसाला शून्य म्हणतात. तिथून दिवस मोजायचे.

तो काचेच्या खोलीत. आम्ही बाहेर, इंटरकॉमवर.

"तायडे, एवढीशीच? मला वाटलं बादलीभर देशील."

"गपचूप घे."

"यांना रस्ता कोण सांगणार? हातातून आत जाणार आणि हाड गाठणार?"

"त्यांना कळतं."

"तुला तर अजून स्टेशनहून घरी यायला कळत नाही."

पण खरंच कळतं. कुणी सांगत नाही. रक्तातून फिरता फिरता त्या हाडाच्या आतल्या भिंतीला चिकटतात, कारण तिथून एक रासायनिक हाक येत असते आणि त्यांच्या अंगावर ती ऐकणारा भाग असतो. चिकटतात, आत सरकतात, बसतात. मग दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. आत त्या वाढतायत की मेल्यात हे बाहेरून समजत नाही.

त्या दोन-तीन आठवड्यांत माणूस जवळजवळ पांढऱ्या पेशींशिवाय जगतो. चौथ्या दिवशी त्याच्या रक्तात, सुईच्या टोकाएवढ्या थेंबात, पन्नास होत्या. तुमच्या-माझ्यात सात-आठ हजार असतात. नवव्या दिवशी तोंडात जखमा झाल्या. बाहेरून कुणी जंतू आणला नव्हता, त्याच्याच तोंडातले ते नेहमीचे कोट्यवधी. पहारा उठला हे त्यांना कळलं. त्याला थुंकी गिळता येईना. जोक करता येत होते.

"शरीर काय करतं मग?" आईने मला विचारलं होतं. काचेला नाक लावून ती त्याच्याकडे बघत होती. "नुसतं पडून राहतं?"

पडून राहत नाही. मी तिला सांगितलं, कातडी आहे. अंगभर बिनशिवणीचं कापड, जंतूंना ते ओलांडता येत नाही. थुंकी आहे, अश्रू आहेत, त्यांत जंतूंच्या भिंती विरघळवणारं द्रव्य असतं. नाकात, छातीत चिकट पातळ थर आहे, त्यात जंतू अडकतात आणि बारीक केस तो थर वर वर ढकलत राहतात. पोटात आम्ल. आणि ताप.

"ताप म्हणजे आजार ना?"

"ताप म्हणजे त्याने शेगडी मोठी केली. जंतूंना गरम सोसत नाही."

"पण त्याला तरी कुठे सोसतंय," आई म्हणाली. शिवणवर्गाची बाई. कापड किती ताणेल हे ती हाताने ओळखते.

*

एकोणिसावा दिवस.

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या, आई आणि मी. डॉक्टर उभ्याच राहिल्या.

"ताप उतरत नाही. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली एक डाग आहे. बुरशी असावी. औषध चालू आहे, पण नुसत्या औषधाने ती जात नाही, पेशी लागतात. आणि पेशी नाहीत." त्यांनी कागद माझ्यापुढे केला. मशीनचा आकडा: शंभर. पुढे चांदणी. खाली टकटकच्या अक्षरात: 'बघितलेल्या पेशी अकरा. सर्व लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल शून्य.'

लिम्फोसाइट लहान, गोल, चिवट. जुन्या शरीरातल्या काही औषधानंतरही रेंगाळतात. त्या दिसल्या म्हणजे नवं काही उगवलं असं होत नाही. न्यूट्रोफिल दिसली तर होतं. ती चार-दोन तास रक्तात फिरते आणि संपते, म्हणून ती दिसली की समजायचं, हाडातून ताजी येतेय.

"मी उद्या संध्याकाळपर्यंत बघणार," डॉक्टर म्हणाल्या. "तोपर्यंत न्यूट्रोफिल दिसल्या नाहीत तर पेशी धरल्या नाहीत असं समजावं लागेल. पुन्हा सगळं पुसायचं आणि तुमच्याकडून पुन्हा घ्यायच्या. डागासकट जास्त दिवस असं ठेवता येणार नाही."

"पुन्हा पुसणं त्याला झेपेल?" मी विचारलं.

"खोटं सांगत नाही. निम्मी शक्यता."

"आणि धरल्या असतील, नुसत्या उशीर करत असतील, तर?"

"तर पुसून आपण त्यांनाच मारू."

आईने माझा हात धरला नाही. पर्स उघडली, बंद केली.

मी म्हणाले, "धरल्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याची कंबर कालपासून दुखतेय. आतून कुणीतरी फर्निचर सरकवतंय असं म्हणाला. कमरेचं हाड भरत असेल तर असंच दुखतं."

"तापातही दुखतं."

"दुखतं. पण धरल्यात."

"दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुमच्या खात्रीची स्लाइड चालत नाही."

योग्य बोलल्या. मला राग आला नाही. मी जिना उतरले.

*

टकटक जेवत होता. डबा बाजूला सारला.

"ताई, मी दोनदा बघितली."

"कुठे बघितलीस?"

"कुठे म्हणजे? मधे. जिथे पेशी एकेकट्या पसरतात तिथे. तुम्हीच शिकवलंय." त्याने मानेने वरच्या पुठ्ठ्याकडे खूण केली. अक्षर माझं. अकरा वर्षांपूर्वीचं. कडेला मोजायचं नाही.

आणि मी तिथेच उभी राहिले.

तो पुठ्ठा मी का लिहिला होता ते मला आठवलं. नवीन मुलं शंभर पेशी लवकर पुऱ्या व्हाव्यात म्हणून स्लाइडच्या कडेला जायची, कारण तिथे गर्दी. आकडे चुकायचे. काच ओढताना लहान पेशी मधे राहतात आणि मोठ्या, जड पेशी कडेला आणि शेपटीकडे ढकलल्या जातात, म्हणून चुकायचे. कडेला मोजलं तर न्यूट्रोफिल फार येतात. माझ्या नियमाचं कारणच हे होतं. आठ हजार पेशी असतील तर कडेला सरकलेल्या चार-दोनशेंनी काही बिघडत नाही, मधे भरपूर उरतात. पण शंभरच असतील तर? त्यात न्यूट्रोफिल पाच-दहा असतील, तर त्या सगळ्याच्या सगळ्या कडेला जाऊन बसतील. आणि आम्ही तिघं, माझ्याच नियमाने, मधला रिकामा भाग काळजीपूर्वक बघणार आणि शून्य लिहिणार.

अकरा वर्षं मी कारण सांगायचं विसरून नुसता नियम शिकवत होते.

"कडेला बघ," मी म्हणाले.

टकटकची बोटं टेबलावर थांबली. "ताई."

"बघ तर."

"मोजायचं नाही असं—"

"मोजू नकोस. आहेत का ते बघ."

"आणि मॅडमना काय सांगू? ताईंनी सांगितलं, ताईंच्या भावाच्या स्लाइडवर, ताईंच्याच नियमाच्या विरुद्ध?"

"असंच सांग," मागून मॅडम म्हणाल्या. त्या कधी आल्या कळलं नव्हतं. "सांगितलंस. ऐकलं. आता का ते मला समजावा."

मी समजावलं. दोन मिनिटं लागली. मॅडम ऐकताना कधी मान हलवत नाहीत, त्यामुळे समोरचा फार बोलतो. मी फार बोलले.

"बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण जुन्या स्लाइडच्या कडेला बघून मी काही लिहू देणार नाही. तिथल्या पेशी मोडलेल्या असतात, भांडण लागेल. ताजं रक्त मागव. नळी फिरवा आणि पांढरा थर घ्या."

नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळं पाणी राहतं आणि दोहोंच्या मधे दुधाच्या सायीसारखा पांढरा थर येतो. नळीतल्या बहुतेक पांढऱ्या पेशी त्या सायीत गोळा होतात. तिची स्लाइड केली की शंभराच्या जागी हजारो बघायला मिळतात. त्या स्लाइडवरून आकडा काढता येत नाही. आहेत की नाहीत, एवढं मात्र नक्की कळतं.

"मी करते," मी म्हणाले.

"तू भांडी घास," मॅडम म्हणाल्या. "तिकडे तोंड करून उभी राहा. आणि तोंड उघडायचं नाही. तू आहा केलंस तरी त्याला दिसायला लागेल."

*

बेसिनकडे तोंड करून मी काचेच्या नळ्या धुतल्या. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

मागे यंत्राची घरघर, मग ती मंदावली. झाकण. पिपेटचा चुटूक आवाज. काच काचेवर सरकली, एका दमात. टकटकचं मनगट बिचकत नाही. पंख्याखाली वाळवणं. रंगाची बाटली. सात मिनिटं. पाणी.

खुर्ची सरकली.

पहिला आवाज चौथ्या कळीचा, बारीक, पेनच्या टोपणासारखा. लिम्फोसाइट. पुन्हा चौथी. चौथी, चौथी. मी नळीत ब्रश फिरवत होते. चौथी.

मग दुसरी. दुसरीचा आवाज चिरका, तिला गंज आहे. मोनोसाइट. मोठी, दुमडलेल्या केंद्रकाची. हाड जागं झालं की बहुतेक वेळा ही थोडी आधी येते, झाडू घेऊन. मेलेलं, कुजलेलं गिळून वाट साफ करणारी.

पुन्हा दुसरी.

चौथी. दुसरी. थांबला. चाक फिरवलं. मी पाणी बंद केलं, कारण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

कडी पडली.

एकदाच. मग दोनदा चौथी. मग पुन्हा कडी. आणि लगेच परत. कडी, कडी.

मला वळायचं नव्हतं. मी आरशातही बघितलं नाही; बेसिनवर आरसा आहे. ऐकत राहिले. शंभर झाल्यावर मोजणीयंत्राची घंटा वाजली.

"अठरा," टकटक म्हणाला. आवाज कोरडा. "मॅडम, शंभरात अठरा न्यूट्रोफिल."

"मोडलेल्या?"

"धडधाकट."

"जुन्या उरल्यासुरल्या असतील," मॅडम म्हणाल्या. त्यांना तसं म्हणणं भागच होतं. "त्याच्या स्वतःच्या."

"एकोणिसाव्या दिवशी? चार-दोन तासांवर जगत नाहीत त्या."

"त्याचंच हाड पुन्हा जागं झालं असेल. तसंही होतं कधी. मग अर्धवटही परत येतील."

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. नळी हातात तशीच राहिली.

टकटकने खुर्ची पुढे ओढली. दुसरी स्लाइड लावली. आता तो कळा दाबत नव्हता, फक्त चाक फिरवत होता. तिसरी स्लाइड. बुटांच्या खिडकीतून ऊन बेसिनच्या काठापर्यंत आलं. त्याने एक-दोनदा पुटपुटल्यासारखे आकडे घेतले: चाळीस. बावन्न. न्यूट्रोफिलच मोजत होता.

"एकसष्ट," तो म्हणाला आणि त्याच्या बोटांनी टेबल वाजवलं, कितीतरी वेळाने. "मॅडम. डूल."

खुर्ची सरकली. मॅडम बसल्या.

ड्रमस्टिक हे त्याचं पुस्तकातलं नाव. आमच्या लॅबमध्ये त्याला डूल म्हणतात. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. काम करायला एक पुरतं, म्हणून दुसरं गुंडाळून बाजूला ठेवलेलं असतं. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे होतात तेव्हा कधीकधी हे गुंडाळलेलं बाहेर लटकतं: बारीक दांडी, टोकाला गोल मणी. कानातल्या डुलासारखं. दर चाळीस-पन्नास पेशींत एखादं. पुरुषाकडे दुसरं एक्सच नसतं, मग लटकणार काय?

माझा भाऊ पुरुष आहे. मी बाई.

मॅडम पाच मिनिटं एकाच पेशीकडे बघत होत्या. भिंग बदललं, प्रकाश कमी केला, पुन्हा वाढवला.

"दांडी आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मणी भरीव आहे. पुरुषांत कधी नुसता खुंट दिसतो, तो हा नाही." मग खुर्चीतून उठल्या. "तू इकडे ये."

"मला बघायची गरज नाही," मी म्हणाले.

"माहितीये. तरी बघ."

मी बघितलं. जांभळ्या रंगाच्या तीन पाकळ्या, गुलाबी दाणेदार अंगात. आणि मधल्या पाकळीला डूल. मी वीस वर्षांत असे शेकडो बघितलेत. माझाच मात्र आधी कधी बघितला नव्हता.

*

मॅडमने डॉक्टरांना स्वतः फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

"अठरा टक्के. पांढऱ्या थरात... हो, आकडा नाही धरता येणार, मला कळतं... आणि एक डूल आहे... ड्रमस्टिक हो, तुम्ही पहिल्या वर्षाला शिकला असाल... नाही. रिपोर्टात लिहिणार नाही. एकावरून लिहिता येत नाही. मी लिहीत नाहीये, सांगतेय... डीएनएचा पाठवा, सहा दिवस लागतील... ते तुम्ही ठरवा. पण पुसू नका. मी तीस वर्षं बघतेय. पुसू नका."

फोन ठेवला. "तीन दिवस थांबतायत," त्या म्हणाल्या. "टकटक, डबा खा. विटेल."

मग त्यांनी खुर्चीवर चढून पुठ्ठा काढला आणि माझ्यापुढे टाकला. "दुरुस्त कर. कारणासकट."

*

"डूल?" भाऊ इंटरकॉमवर. तोंडातल्या जखमांमुळे अर्धं बोबडं. "एकाच कानात की दोन्ही?"

"एकसष्टात एक."

"मग उरलेल्या साठजणी काय घालतात?"

"बोलू नकोस, ओठ फुटतील."

"तायडे, एक सांग. तुझ्या पेशी आल्या म्हणजे आता मलाही मांजरांची ॲलर्जी?"

"शक्यता आहे."

"हे सही करायच्या आधी सांगायचं होतंस."

त्याचा उजवा पाय पांघरुणाखाली हलला नाही. मी बघत होते.

*

विसाव्या दिवशी मशीन म्हणालं दोनशे. एकविसाव्या दिवशी खोकला वाढला, ताप एकशे दोनवर गेला आणि आईने मला कामावरून बोलावून घेतलं.

"बिघडलं," ती म्हणाली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"नाही बिघडलं. पोचल्यात."

"हा खोकला ऐक. हे पोचणं?"

मी तिला बाकावर बसवलं. छातीत बुरशी तीन आठवडे शांतपणे वाढत होती, तिला कुणी अडवलंच नव्हतं, म्हणून खोकला नव्हता. आता पेशी रक्तातून बाहेर पडून त्या डागापर्यंत गेल्यात. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, चपट्या होऊन, दोन पेशींच्या फटीतून निसटून. तिथे त्या गिळतायत, फुटतायत, विष ओततायत. जागा सुजते. पाणी येतं. त्याला खोकला येतो. आजार त्रास देतो त्यातला कितीतरी त्रास शरीराच्या उत्तराचा असतो.

"तू हे किती खात्रीने बोलतेस," आई म्हणाली. चिडून, पण बिस्किटाचा पुडा फोडला.

"त्या माझ्या आहेत, आई. मला माहितीये त्या किती कटकट करतात."

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सूज कमी करणारं औषध थोडं दिलं, थोडंच, म्हणजे भांडण थांबायला नको, नुसता आरडाओरडा कमी व्हावा. बाविसाव्या दिवशी सातशे, त्यात न्यूट्रोफिल तीनशे. चांदणी होतीच. टकटकने मधे बघितलं, मग कडेला बघितलं, दोन्हीकडचं वेगळं लिहिलं. तेविसाव्या दिवशी अकराशे, त्यात न्यूट्रोफिल साडेपाचशे. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या की म्हणतात, धरल्या. पंचविसाव्या दिवशी डॉक्टरांनी तो शब्द फाइलमध्ये लिहिला. डीएनएचा कागद त्याच दुपारी आला: शंभरात सत्त्याण्णव भाग दात्याचे.

मॅडमने तो कागद वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून त्याच्या स्लाइड बघायला हरकत नाही."

"का?"

"आता ते तुझं स्वतःचं रक्त आहे. स्वतःच्या रक्ताबद्दल माणूस निदान थोडा तरी संशय घेतो."

मी बघितली नाही. टकटक चांगलं बघतो.

चाळिसाव्या दिवशी तो काचेच्या खोलीतून बाहेर आला. केस नव्हते, पँट कमरेला गुंडाळावी लागत होती. लिफ्टने नको म्हणाला. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होता. मी शेजारी. दोघांच्याही हातात काही नव्हतं.

"सावकाश," मी म्हणाले.

"शिकवू नकोस," तो म्हणाला. "वळणावर बघ. आई येतेय."

आई खालून चढत होती, बरीच वेगाने. आमच्यापाशी पोचून तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावला, मग सवयीने माझ्या.

*

दुसरीत असताना मला गोवर झाला होता. त्याला कधीच झाला नाही. आता त्याच्या रक्तातल्या माझ्या पेशींना गोवर ओळखता येतो.